डॅनियल बून आणि पश्चिमेकडे सरकत गेलेलं त्याचं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सून मिझुरीची. तिच्या माहेरी तीन-चार पिढ्या सांगत आल्यात की आपण डॅनियल बूनच्या लेकीच्या वंशातले. नातीला शाळेत ‘आपला एक पूर्वज’ लिहून न्यायचा होता, तेव्हा तिच्याबरोबर मी वाचायला बसले. तिचा प्रकल्प आठवड्यात संपला, माझं वाचन मात्र सुरूच राहिलं. ओळखीचे लोक आणि भारतातले नातेवाईक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

डॅनियल बून नक्की कोण?

अमेरिकेत अ‍ॅपलेचियन डोंगररांगेच्या पलीकडे, म्हणजे आजच्या केंटकीत, वसाहतकऱ्यांसाठी वाट पाडणारा माणूस. जन्म 1734, मृत्यू 1820. मोठं सैन्य किंवा मोठं पद त्याच्यापाशी कधी नव्हतं. तो शिकारी होता, गाडीवान होता, पुढे जमिनीची मोजणी करणारा झाला, काही वर्षं खानावळ चालवली, व्हर्जिनियाच्या विधिमंडळातही बसला. पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात तो पेनसिल्व्हेनियातून नॉर्थ कॅरोलायना, तिथून केंटकी, मग आजचं वेस्ट व्हर्जिनिया आणि शेवटी मिझुरी असा सरकत गेला.

मूळ कुटुंब कुठलं?

वडील स्क्वायर बून इंग्लंडच्या डेव्हन भागातून आलेले. विणकाम आणि लोहारकाम करायचे. आई सॅरा मॉर्गन, वेल्श घराण्यातली. दोघंही क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. आजोबा जॉर्ज बून 1717 मध्ये बाकीचं कुटुंब घेऊन पेनसिल्व्हेनियात आले. अकरा भावंडांत डॅनियल सहावा.

वंशावळ शोधणाऱ्यांनी ही भावंडांची संख्या लक्षात ठेवावी. ‘आम्ही बून घराण्यातले’ म्हणणारे बरेच जण प्रत्यक्षात डॅनियलचे नसून त्याच्या एखाद्या भावाचे किंवा चुलत्याचे वंशज निघतात.

त्यांनी पेनसिल्व्हेनिया का सोडलं? भटकायची हौस होती का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. बूनबद्दल बोलताना लोक लगेच म्हणतात की त्याला एका जागी करमायचंच नाही. मी जेवढं वाचलं त्यावरून मला हे पटत नाही. प्रत्येक वेळी घर हललं त्यामागे काहीतरी अगदी घरगुती किंवा कागदोपत्री कारण होतं.

पहिल्या वेळचं कारण लग्नाचं. थोरला मुलगा इझ्राएल याने 1747 मध्ये पंथाबाहेरच्या मुलीशी लग्न केलं. त्याआधी एका मुलीने असंच केलं होतं, तेव्हा स्क्वायरने सभेपुढे चूक कबूल केली होती. या वेळी त्याने मुलाची बाजू घेतली आणि माफी मागायला नकार दिला. क्वेकर सभेने त्याला बाहेर काढलं. 1750 मध्ये जमीन विकून सगळं बिऱ्हाड गाड्यांवर लादून निघालं, शेनंडोआ खोऱ्यातून दक्षिणेला उतरत नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीकाठी स्थिरावलं. निघताना डॅनियल पंधरा वर्षांचा होता.

केंटकीचं वेड कुठून लागलं?

1755 मध्ये ब्रिटिश जनरल ब्रॅडकच्या सैन्याबरोबर डॅनियल गाडीवान म्हणून गेला. त्या मोहिमेत त्याला जॉन फिंडली नावाचा व्यापारी भेटला. डोंगरापलीकडे केंटकी नावाचा मुलूख आहे आणि तिथे हरणांचे, रानरेड्यांचे कळपच्या कळप आहेत, हे त्याने सांगितलं.

हरीण म्हणजे त्या काळी रोख पैसा. मांस घरी खायचं, कातडी बाजारात विकायची. डॉलरला आजही बोलीत ‘बक’ म्हणतात. ‘बक’ म्हणजे नर हरीण, आणि तो शब्द याच व्यापारातून आला असं मानतात. काम मात्र कष्टाचं. केस आणि वरचा पापुद्रा खरवडून काढायचा, मग ते कातडं फळीच्या कडेवर पुन्हा पुन्हा घासून मऊ करायचं, घडी घालून गठ्ठे बांधायचे. गठ्ठे अस्वलांच्या आणि लांडग्यांच्या तावडीत सापडू नयेत म्हणून उंच माचाणावर ठेवायचे आणि हंगाम संपला की घोड्यांवर लादून डोंगर उतरायचा. शिकारी महिनोन्‌महिने घराबाहेर राहायचे. अशा लोकांना ‘लाँग हंटर’ म्हणत.

1 मे 1769 रोजी डॅनियल, फिंडली आणि आणखी चौघे घरून निघाले आणि कंबरलंड खिंडीतून केंटकीत उतरले. डॅनियल परतला तो दोन वर्षांनी, आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी. डिसेंबरात तिथल्या मूलनिवासी शॉनी लोकांनी त्याला पकडून सगळी कातडी काढून घेतली आणि सोडून दिलं. पुन्हा या बाजूला आलात तर गांधीलमाश्या कडकडून चावतील, अशी ताकीद त्यांनी दिल्याची आठवण बूनच्या चरित्रांत सापडते.

त्याच डिसेंबरात यॅडकिनकाठी त्याच्या बायकोला, रिबेकाला, मुलगा झाला, डॅनियल मॉर्गन. बापाने त्याला पाहिलं तेव्हा तो चालायला लागलेला असणार.

ती जमीन रिकामी होती का?

नाही. शाळेच्या पुस्तकात ‘निर्मनुष्य रान’ वाचलं की मी नातीला थांबवते.

केंटकी हे शॉनी, चेरोकी आणि इतरांचं शिकारीचं रान होतं. बून ज्या वाटेने गेला ती पायवाट तिथल्या लोकांनी आणि रानरेड्यांनी कितीतरी आधी तुडवलेली. 1763 मध्ये ब्रिटिश राजाने जाहीरनामा काढून डोंगराच्या पश्चिमेला वस्ती करायला बंदी घातली होती. 1768 मध्ये फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वा लोकांनी ओहायो नदीच्या दक्षिणेवरचा हक्क सोडला. पण तिथे शिकार करणाऱ्या शॉनींना तो तह मान्य नव्हता. मार्च 1775 मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने सिकामोर शोल्स इथे चेरोकी पुढाऱ्यांकडून प्रचंड मोठा भूभाग विकत घेतला. ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी सरदाराने तेव्हाच विरोध केला. व्हर्जिनियाने (केंटकी तेव्हा त्यातच मोडत होतं) तर ती खरेदी पुढे रद्दच ठरवली.

शॉनींनी बूनची कातडी जप्त केली ती त्यांच्या दृष्टीने चोरी पकडल्यासारखं होतं. हे मान्य करूनही डॅनियलबद्दल आपुलकी वाटू शकते. मला वाटते.

त्याची बायको या सगळ्यात कुठे होती?

प्रत्येक ठिकाणी. रिबेका ब्रायनचं लग्न 14 ऑगस्ट 1756 रोजी झालं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि डॅनियल एकवीस. लग्न लावलं तिच्या सासऱ्यांनी, ते तेव्हा तिथले न्यायाधीश होते. दहा बाळंतपणं झाली. नवरा रानात असताना शेत, गुरं, चूल आणि घरात येऊन राहिलेली नात्यातली मुलं हे सगळं तिच्याकडे.

1775 चं वर्ष बघा. जुलैत विल्यम जन्मला आणि थोड्याच काळात गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला रिबेका उरलेल्या मुलांना घेऊन डोंगर ओलांडून केंटकी नदीकाठी बून्सबरोच्या वस्तीत पोचली होती. वाट घोड्याने आणि पायी पार करायची, कारण खिंडीतून गाडी जात नव्हती. गाडीरस्ता व्हायला 1796 उजाडलं.

1773 मध्ये काय घडलं? जेम्सचं नाव वारंवार येतं.

जेम्स हा थोरला मुलगा. 25 सप्टेंबर 1773 रोजी पन्नासेक माणसांचा जथा केंटकीत राहायला निघाला, त्यात बूनचं सगळं कुटुंब होतं. जेम्स आणि काही जण सामान आणायला मागे गेले होते. 10 ऑक्टोबरच्या पहाटे, मुख्य तळ अवघ्या काही मैलांवर असताना, डेलावेअर, शॉनी आणि चेरोकी लोकांच्या टोळीने त्यांच्यावर हल्ला केला. सोळा वर्षांचा जेम्स आणि त्याचा सोबती हेन्री रसेल यांचे हाल करून मारलं. अ‍ॅडम नावाचा गुलाम झुडपात लपून वाचला आणि काय घडलं ते त्याच्यामुळे कळलं.

रिबेकाने घरच्या तागाच्या चादरी पाठवल्या. त्यांत गुंडाळून दोघा मुलांना तिथेच पुरलं. पुढच्या वसंतात डॅनियल एकटाच त्या जागी गेला. लांडग्यांनी माती उकरली होती. त्याने कबर पुन्हा उघडली, मुलाकडे पाहिलं, आणि नीट खोल करून बुजवली. म्हातारपणीही या आठवणीने तो अस्वस्थ व्हायचा.

जथा तिथूनच परत फिरला. बूनचं स्वतःचं घर विकून झालेलं होतं, म्हणून तो हिवाळा त्यांनी दुसऱ्याच्या खोपटात काढला.

‘वाइल्डरनेस रोड’ म्हणजे काय?

1775 च्या मार्चमध्ये तीसेक माणसं घेऊन डॅनियलने कंबरलंड खिंडीतून केंटकी नदीपर्यंत आखलेली वाट. रस्ता बांधला असं डोळ्यांपुढे आणू नये. कुऱ्हाडीने झुडपं तोडायची, आडवी पडलेली खोडं हटवायची, झाडांच्या सालीवर खुणा करायच्या, एवढंच काम. पण त्या खुणांमागून 1810 पर्यंत दोन ते तीन लाख माणसं खिंडीतून पलीकडे गेली असा अंदाज दिला जातो.

मुलीला पळवून नेल्याची गोष्ट खरी आहे का?

खरी. 14 जुलै 1776 रोजी जेमिमा बून आणि कॅलवे घरातल्या दोन बहिणी नदीत होडीत असताना पकडल्या गेल्या. मुली वाटेत फांद्या मोडत, कपड्याच्या चिंध्या टाकत गेल्या. तिसऱ्या दिवशी डॅनियल आणि सोबत्यांनी त्यांना सुखरूप परत आणलं. पुढे कादंबरीकारांनी हा प्रसंग भरपूर वापरला.

बून शत्रूला सामील झाला होता, हे कितपत खरं?

त्याच्यावर तसा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. मुळात सगळं झालं मिठापायी. मिठाशिवाय हिवाळ्यात मांस टिकत नाही, म्हणून 1778 च्या जानेवारीत तीसेक माणसं लोअर ब्लू लिक्सच्या खाऱ्या झऱ्यांवर मोठाल्या कढया घेऊन गेली. पाणी फिकट खारं. एक-दोन पायली मिठासाठी शेकडो गॅलन पाणी रात्रंदिवस जाळ घालून आटवायचं, त्यासाठी आधी तेवढी लाकडं फोडायची.

7 फेब्रुवारीला शिकारीला गेलेला डॅनियल शॉनींच्या हाती सापडला. मोठी टोळी बून्सबरोवर चालून निघाली होती आणि गढीची तटबंदी अजून पुरी झालेली नव्हती. आत बायकामुलं. त्याने मीठ करणाऱ्या आपल्या माणसांना शरण यायला लावलं, या बदल्यात की गढीवर आत्ता चाल करू नये.

शॉनींचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा म्हणून घरात घेतलं. त्याचं नाव ठेवलं शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव. चार महिने तो तिथे राहिला. जूनमध्ये नव्या स्वारीची तयारी दिसताच तो पळाला आणि 160 मैल पाच दिवसांत कापून गढीत पोचला. घर रिकामं होतं. तो मेला असं समजून रिबेका मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनाला माहेरच्यांकडे निघून गेली होती. फक्त जेमिमा, तोवर लग्न झालेली, वाट बघत थांबली होती.

सप्टेंबरात ब्लॅकफिशने वेढा घातला, गढी टिकली. मग ज्यांचे नातेवाईक मिठाच्या झऱ्यावरून कैदेत गेले होते त्यांनी डॅनियलवर आरोप ठेवले. सैनिकी न्यायालयाने त्याला सोडलं आणि वर मेजर केलं. तो अपमान मात्र त्याने मनात ठेवला असावा, कारण पुढे तो बून्सबरोत फार राहिलाच नाही.

एवढी जमीन दुसऱ्यांना मिळवून दिली, मग स्वतः भूमिहीन कसा झाला?

त्याच्या आयुष्यातली पुढची सगळी वाटचाल या उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर.

व्हर्जिनियाच्या 1779 च्या कायद्याने 1 जानेवारी 1778 च्या आधी केंटकीत वस्ती केलेल्याला 400 एकर आणि शेजारची आणखी 1,000 एकर विकत घेण्याचा पहिला हक्क मिळायचा. बाकीच्यांनी सरकारी खजिन्यातून वॉरंट, म्हणजे ठरावीक एकर जमीन मागण्याचा कागद, विकत घ्यायचं. वॉरंट हातात आलं म्हणजे जमीन आली असं नाही. जागा निवडून नोंद करायची, मोजणी करून घ्यायची, मोजणीचा कागद दाखल करायचा, मग कुठे पट्टा मिळायचा. यातली एक पायरी चुकली की हक्क लटकला.

सरकारने आधी गटवार मोजणी केलेलीच नव्हती. जो तो आपली चतुःसीमा आपणच सांगायचा: अमक्या ओढ्यापासून तमक्या अक्रोडाच्या झाडापर्यंत. ओढा आटतो, झाड पडतं, आणि त्याच तुकड्यावर आणखी दोघांची नोंद आधीच असते. कौलारू छपरावर कौलं एकमेकांवर चढलेली असतात तसे हे हक्क एकमेकांवर चढले होते.

डॅनियल स्वतः मोजणीदार होता. कागदावर हजारो एकर त्याच्या नावे होते. पण तो नोंदींच्या बाबतीत ढिला, लोकांच्या शब्दावर विसंबणारा, आणि कोर्टात उभं राहायचा त्याला तिटकारा. त्याने केलेल्या मोजणीत चूक निघाली की लोक त्यालाच कोर्टात खेचायचे. त्यात 1780 मध्ये वॉरंटं विकत घ्यायला लोकांनी विश्वासाने दिलेले जवळपास 20,000 डॉलर वाटेतल्या खानावळीत तो झोपला असताना चोरीला गेले. काहींनी सोडून दिलं, काहींचे पैसे तो पुढे वर्षानुवर्षं फेडत राहिला.

एकामागून एक दावे गेले. 1798 मध्ये एका दाव्यात हजर न राहिल्याबद्दल त्याच्या अटकेचं वॉरंट निघालं. त्याच वर्षी केंटकीने एका परगण्याला त्याचं नाव दिलं. हे वाचताना मला खूप वाईट वाटलं.

त्याच्याकडे गुलाम होते का?

होते. ओहायो नदीकाठी लाइमस्टोन इथे खानावळ आणि व्यापार चालवत असताना, 1787 मध्ये, त्याच्या नावावर सात गुलाम होते. पुढे मिझुरीत त्याच्याबरोबर शिकारीला जाणारा डेरी कोबर्न हाही डॅनियल मॉर्गनचा गुलाम होता. बून वंशाचा शोध घेणाऱ्यांनी या माणसांची नावंही नोंदवून ठेवावीत. त्यांचेही वंशज आज आपले पूर्वज शोधत आहेत.

शेवटी मिझुरी का?

जमिनीसाठी. 1799 मध्ये मिझुरी स्पेनच्या ताब्यात होतं आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांना वस्ती वाढवायची होती. त्यांनी बूनला 1,000 आर्पां, म्हणजे सुमारे 850 एकर, देऊ केले. पासष्टीच्या उंबरठ्यावर तो फेम ओसाज खोऱ्यात आला आणि तिथला न्यायनिवाडा करू लागला. केंटकीत फार गर्दी झाली म्हणून तो निघाला, ही लोकांनी जोडलेली गोष्ट आहे.

धाकटा नेथन आणि त्याची सोळा वर्षांची नवी नवरी ऑलिव्ह लग्नानंतर लगेच मागोमाग निघाली.

1803 मध्ये हा मुलूख अमेरिकेने विकत घेतला. बूनने जमिनीचे कागद पक्के करून घेतलेच नव्हते, त्यामुळे ही जमीनही गेली. 1814 मध्ये काँग्रेसने ती परत दिली, तेव्हा बहुतेक सगळी विकून त्याने केंटकीची देणी भागवली. रिबेका हे बघायला नव्हती. 1813 च्या मार्चमध्ये ती मेपलचा रस आटवून साखर करायला जेमिमाकडे गेली होती, तिथेच आजारी पडली आणि 18 तारखेला गेली. 56 वर्षांचा संसार त्यांचा.

रकूनच्या शेपटीची टोपी घालायचा का?

नाही. त्याला ती टोपी आवडत नसे. तो फेल्टची रुंद काठाची टोपी घालायचा.

त्याचं दफन कुठे झालं?

तो 26 सप्टेंबर 1820 रोजी नेथनच्या घरी वारला आणि त्याला रिबेकाशेजारी पुरलं. 1845 मध्ये केंटकीवाल्यांनी दोघांचे अवशेष फ्रँकफर्टला नेले. योग्य कबर उकरली गेली का, यावर मिझुरीत आजही वाद घालतात. मी त्यात पडत नाही.

नेथनचं घर मात्र जरूर पाहावं. सेंट लुइसच्या पश्चिमेला डिफायन्सजवळ चुनखडीच्या दगडाचं, जाड भिंतींचं ते घर अजून उभं आहे. ऐन उन्हाळ्यात मी आतल्या भिंतीला हात लावला तर ती आपल्या वाड्याच्या माजघरासारखी गार लागली. बूनने स्वतःची चेरीच्या लाकडाची शवपेटी आधीच करवून घेतली होती, ती तो अधूनमधून काढून पुसून बघायचा.

आमचं आडनाव बून आहे. आम्ही त्याचेच वंशज का?

आडनावावरून ठरवू नका. दहा मुलांत सहा मुलगे: जेम्स आणि इझ्राएल अविवाहित मारले गेले (इझ्राएल 1782 मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत, बापाच्या डोळ्यांसमोर), विल्यम तान्हेपणी गेला. राहिले डॅनियल मॉर्गन, जेसी आणि नेथन. बून आडनाव घेऊन थेट डॅनियलपर्यंत पोचायचं असेल तर या तिघांपैकी एकातूनच वाट जायला हवी.

मुली चार: सुझॅना, जेमिमा, लव्हिना, रिबेका. त्यांची लग्नं अनुक्रमे हेज, कॅलवे, शोल आणि गो या घरांत झाली. माझ्या सुनेसारखे लेकीकडून आलेले लोक याच आडनावांत सापडतात.

शोधताना एक अडचण येते. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेचे मूळ कागद नष्ट झालेत. त्या वर्षांसाठी करपट्ट्या, जमिनीच्या नोंदी आणि दाव्यांतल्या साक्षी बघाव्या लागतात. ज्या दाव्यांनी बूनला लुबाडलं त्याच दाव्यांतून कोण कुणाचा जावई, कोण कुठल्या साली कुठे राहत होतं, हे कळतं. त्याआधीच्या पिढ्यांसाठी पेनसिल्व्हेनियातल्या एक्सेटरच्या क्वेकर सभेची इतिवृत्तं आहेत. आणि 1851 मध्ये लायमन ड्रेपर या इतिहास जमवणाऱ्या माणसाने म्हाताऱ्या नेथनला आणि ऑलिव्हला गाठून सविस्तर टिपणं घेतली, ती विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत जपलेली आहेत. घरातले बारकावे तिथेच मिळतात.

जेमिमा डॅनियलची मुलगी नव्हती, असं म्हणतात ते?

डॅनियल लांब असताना ती त्याच्या भावापासून झाली, अशी दंतकथा आहे. सांगणारे कधी एका भावाचं नाव घेतात, कधी दुसऱ्याचं. पुरावा काही नाही. डॅनियलने तिला कायम आपली लेक मानलं, आणि वेढ्याच्या आधी गढीत त्याची वाट बघत थांबली ती तीच.

पुढच्या पिढ्या कुठे गेल्या?

आणखी पश्चिमेला, आणि पुन्हा मिठामागेच. 1805 च्या सुमारास डॅनियल मॉर्गन आणि नेथन यांनी मिझुरीच्या मध्यभागी एका खाऱ्या झऱ्यावर मीठ आटवायला सुरुवात केली. त्या जागेला बून्स लिक नाव पडलं आणि तिकडे जाणाऱ्या वाटेला बून्स लिक रोड. त्या वाटेवर फ्रँकलिन गाव वसलं, आणि 1821 मध्ये तिथूनच विल्यम बेकनेल व्यापाराचा माल घेऊन सांता फेला निघाला. झऱ्याची जागा आजही राखून ठेवलेली आहे. नातीला तिथे नेलं तेव्हा तिने बोट बुडवून पाणी चाखलं आणि म्हणाली, “आजी, हे तर जेमतेम खारट आहे.”